ब्रोकन केटलचं हरवलेलं टपाल

१

रविवारी सकाळी क्रोकरबाईंनी गळ्यातली किल्ली काढली, आपल्या दुकानामागच्या कोठीचं कुलूप उघडलं, आत पाऊल टाकलं आणि तशाच मागे वळल्या. बाहेर सव्वाशे माणसं रांग धरून उभी होती. दीड महिन्यानं टपाल आलं होतं. कुणी दाढी विंचरली होती, कुणी स्वच्छ बाजू वर यावी म्हणून सदरा उलटा घातला होता, आणि दोघातिघांनी तर चक्क ओढ्यात अंघोळ केली होती. ब्रोकन केटल या सोनं शोधणाऱ्यांच्या गावात हे कुणी स्वतःच्या लग्नासाठीही करत नसे.

"थैली नाही," क्रोकरबाई म्हणाल्या.

पुढच्या चौघांनी आत डोकावलं. टपालाची कातडी थैली काल संध्याकाळी ज्या आकड्याला अडकवली होती, तो आकडा रिकामा होता. त्याच्या हातभर खाली फळी होती आणि फळीवर गावकऱ्यांनी सांभाळायला दिलेल्या सोन्याच्या पुरचुंड्या ओळीनं बसल्या होत्या. एकीलाही धक्का लागला नव्हता. ज्या गावात मागच्याच महिन्यात एका उकडलेल्या अंड्यावरून गोळी चालली होती, तिथे चोर सोनं सोडून कागद घेऊन गेला होता.

रांगेत कुणी टोपी काढली, कुणी उलटा सदरा सुलटा केला. सोनं गेलं असतं तर माणसं ओरडली असती. पण सोनं काय, ओढ्यात आणखी होतं.

मग जॅगो पेनहेल रांगेतून बाहेर आला. हा इंग्लंडातल्या कॉर्नवॉलचा खाणकरी. दारातून अंग तिरकं करून आत यायचा, एवढा रुंद. त्याला अक्षरओळख नव्हती, पण बायकोच्या पत्रासाठी रांगेत पहिला नंबर कायम त्याचाच. थैली आणली कुणी, एवढंच त्यानं विचारलं. थैली आणली होती आन्सेल्मोनं. चिली देशाचा खेचरवाला, पाच दिवसांची डोंगरवाट तुडवून तोच दर वेळी टपाल आणायचा. परका, एकटा, तुटक बोलणारा. गावाला एवढं पुरलं. अर्ध्या तासात आन्सेल्मो गॅमनच्या गुत्त्यासमोरच्या ओकच्या झाडाखाली हात बांधून उभा होता, आणि जॅगो दोराची गाठ ओढून पाहत होता.

तेव्हा कुणाला तरी आठवलं की गावात शेरीफ आहे.

२

शेरीफ त्या वेळी फळीला रंधा मारत होता.

ओबेड प्रिंगल हा वर्मांटकडचा सुतार, वय सत्तेचाळीस. टपालाच्या दिवशी तो मुद्दाम काम काढून बसायचा. त्याला पत्र लिहील असं माणूस जगात उरलं नव्हतं, आणि ही गोष्ट रांगेत उभं राहून सव्वाशे जणांना कळवायची त्याला हौस नव्हती. रंधा चालू असला की पुकारलेली नावं कानावर येत नसत.

शेरीफ तो झाला तो अपघातानं. पहिल्या शेरीफला सोनं सापडलं आणि तो पळाला. दुसऱ्यानं पिस्तूल पुसताना स्वतःच्याच पायात गोळी घातली. तिसरा पगाराचं विचारत राहिला आणि कंटाळून निघून गेला. चौथ्याची निवड झाली तेव्हा ओबेड गुत्त्याच्या छपरावर काम करत होता. कोण तयार आहे, असं खालून कुणीतरी विचारलं, आणि त्याच वेळी ओबेडनं खिळे मागायला हात वर केला. मला फक्त खिळे हवे होते, हे तो तीन महिने सांगत होता. लोक म्हणायचे, किती विनयशील माणूस.

गावात त्याचं म्हणावं असं एकच घर होतं, विंटल मास्तरांचं. मास्तर सत्तरीचे, पूर्वी कुठेतरी शाळा चालवायचे. टपालाची नावं तेच पुकारत, निम्म्या गावाची पत्रं तेच वाचून दाखवत आणि उत्तरंही तेच लिहीत. बदल्यात कुणी बटाटे देई, कुणी तंबाखू. रोज संध्याकाळी ओबेड त्यांच्या खोपटात जाऊन काळ्या-तांबड्या सोंगट्यांचा एक डाव खेळायचा. गेले तीन आठवडे मात्र तेही बंद होतं. मास्तरांचं डोकं दुखत होतं. तीन आठवडे ओबेडचं दिवसभरात जेमतेम दहा शब्द बोलणं होत होतं, तेही बहुतेक लाकडाशी.

तो ओकखाली पोचला. सव्वाशे जणांचे डोळे त्याच्याकडे लागले. भाषण त्याला येत नव्हतं, पिस्तूल घरी राहिलं होतं. मग त्याला जे येत होतं ते तो बोलला.

"पेटी लागेल," तो म्हणाला.

"कसली पेटी?" जॅगोनं विचारलं.

"पुरायला. ख्रिस्ती माणूस आहे, नुसता मातीत कसा घालणार? फळ्या कापायच्या, रंधायच्या, बसवायच्या. संध्याकाळ होईल. आधी टांगाल तर दिवसभर या उन्हात लटकेल. गुत्ता समोरच आहे. मला काय, मी लांब राहतो."

गर्दीत चुळबुळ झाली. जॅगो दर रविवारी प्रार्थना म्हणणारा माणूस. त्याच्या कपाळाला आठी पडली. शेवटी तो म्हणाला, "सूर्य डोंगराला टेकेपर्यंत. त्याच्या पुढे एक क्षण नाही."

"मग माप घेऊ द्या," ओबेड म्हणाला. "आणि जरा लांब सरका. मापाला उजेड लागतो."

३

आन्सेल्मोनं मुकाट्यानं माप दिलं. ओबेडनं खांद्यावर दोरी धरली तेव्हा तो हळूच म्हणाला, "खांद्यात ऐसपैस ठेवा. मला आखडून झोपायची सवय नाही."

"तू घेतलीस का थैली?"

"पाच दिवस ती माझ्या उशाखाली होती, शेरीफ. वाटेत तीनदा नदी लागते. नको असती तर खेचर घसरलं म्हणून सांगितलं असतं. तुम्ही सगळे खेचरासाठी हळहळला असतात."

काल संध्याकाळी तू कुठे होतास, असं ओबेडनं विचारलं. कुंपणाशी, खेचरांचे खूर साफ करत होतो. साक्षीला कोण? आन्सेल्मो म्हणाला, सहा खेचरं आहेत, त्यातलं एक जरा खोटं बोलतं.

ओबेडला हसू आलं, ते त्यानं गिळलं. दोरीला गाठी मारत तो तिथून निघाला. गर्दीला वाटलं, शेरीफ मन लावून काम करतोय.

क्रोकरबाई दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या. ओबेडला पाहून त्या बोलत सुटल्या. शनिवारी उजेड असतानाच त्यांनी थैली आकड्याला लावली, कुलूप घातलं, किल्ली गळ्यात अडकवली. टपाल यायच्या दिवशी दूरच्या ओढ्यांवरची माणसं उशिरापर्यंत गावात येतात, म्हणून कोठीच्या दारावर मोठा कंदीलही टांगला. मग त्याही सगळ्यांसारख्या गॅमनच्या गुत्त्यात गेल्या. तिथे एक फिरता दंतवैद्य आला होता आणि तो फुकट दात काढत होता. दुसऱ्याचा दात निघताना बघायला सारं गाव लोटलं होतं.

"सारं गाव?" ओबेडनं विचारलं.

"तू सोडून. तू कुठे येतोस माणसांत." मग त्यांना आठवलं. "आणि मास्तर नव्हते. रुसले असतील माझ्यावर."

रुसायचं कारण त्यांनी सांगितलं. मागच्या टपालाला मास्तरांनी पत्रं वाचताना घोळ केला होता. पाइक नावाच्या एका पोराला त्यांनी जुळं झाल्याचं वाचून दाखवलं. त्यानं आनंदानं सगळ्या गुत्त्याला दारू पाजली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं की आपलं लग्नच झालेलं नाही. ते पत्र भलत्याचंच होतं. मास्तर हल्ली सकाळपासून घेतात असं बाईंचं मत पडलं. म्हणून शनिवारी दुपारी त्यांनी दुकानात जाहीर केलं की या खेपेला नावं मी स्वतः पुकारणार आणि पत्रंही मीच वाचून देणार.

"त्यावर कुणी कुरकुर केली?"

"गॅमननं. फार केली."

गुत्तेवाला गॅमन गालाला ओलं फडकं लावून बसला होता. त्याचा गाल भोपळ्यासारखा सुजला होता आणि शब्द जाडे होऊन बाहेर पडत होते. थोडं रेटल्यावर त्यानं कबूल केलं. महिन्याभरापूर्वी त्यानं क्रोकरबाईंना लग्नाचं विचारलं होतं, बाईंनी विचार करते म्हटलं होतं, आणि इकडे ओहायोत त्याची पहिली बायको चांगली धडधाकट होती. तिला पाकिटाच्या वरच, सगळ्यांना दिसेल असं, 'तुझ्या लग्नाच्या बायकोकडून' असं लिहायची खोड होती.

"म्हणजे थैली नाहीशी व्हावी असं तुला वाटत होतं," ओबेड म्हणाला.

"वाटत होतं रे. पण मी होतो कुठे? खुर्चीत. शंभर जणांनी माझ्या घशापर्यंत पाहिलंय. डोकं जॅगोनं धरलं होतं. त्याला विचार, मी हललो का."

"समज, हललास. थैली तुझ्या हाती लागली. मग काय केलं असतंस?"

गॅमननं फडकं उलटलं. "माझं एक पाकीट काढून घेतलं असतं आणि थैली परत लावली असती. अख्खी थैली कशाला घेईन? उरलेल्या शंभर पत्रांचं करू काय, लोणचं?"

ओबेड उठला तो ते वाक्य डोक्यात घेऊनच. सूर्य माथ्यावरून कलला होता.

४

कोठीच्या दारासमोर तो जमिनीवर बसला. हे दार त्यानंच केलं होतं. कुलपाला ओरखडा नव्हता. खिडकी नव्हती. क्रोकरबाईंनी थैली लपवली असती तर चोरी दिसावी म्हणून त्यांनी कुलूप तरी फोडून ठेवलं असतं.

मग त्याची नजर बिजागऱ्यांवर गेली.

दार बसवलं तेव्हा गावात लोखंड संपलं होतं. म्हणून बिजागऱ्यांत त्यानं लाकडाच्या दोन खुंट्या घातल्या होत्या. वरची तांबड्या लाकडाची, खालची पांढऱ्या पाइनची. दोन्ही बाहेरच्या बाजूनं. उपसल्या की दार कुलपासकट बाजूला होतं, ही त्या दाराची लाज होती आणि ती ओबेडनं कुणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी उलट्या पिंपावर बसून गप्पा मारणारं एक माणूस सोबतीला होतं, त्यानं एकेक खुंटी हातात दिली होती, तेवढंच.

आता पांढरी खुंटी वर होती आणि तांबडी खाली.

 खुंट्या कुणीतरी काढल्या, दार सरकवलं, थैली घेतली आणि खुंट्या परत घातल्या त्या उलट्यापालट्या. अंधारात चूक झाली असती तर समजलं असतं. पण डोक्यावर कंदील होता. डोळस माणसाला तांबडं कुठलं नि पांढरं कुठलं, हे लांबून दिसलं असतं.

आणि अख्खी थैली का नेली? गॅमनचं बरोबर होतं. एकच पत्र नको असलेला माणूस एकच पत्र नेतो, जर त्याला ते निवडता आलं तर. निवडता येत नाही कुणाला? ज्याला अक्षर येत नाही त्याला. पण निरक्षर माणूस पत्राला भिईल कशाला? आत काय आहे हे त्याला कुणी वाचल्याशिवाय कळत नाही. भिणारा माणूस तोच, ज्याला आतला मजकूर ठाऊक आहे. म्हणजे वाचणारा. म्हणजे जो इतके दिवस वाचत होता आणि आता ज्याला पाकिटावरचं नाव दिसत नाही, असा वाचणारा.

जुळ्यांचं पत्र त्याला आठवलं. आणि तीन आठवड्यांची ती डोकेदुखी, ज्यात काळी सोंगटी कुठली आणि तांबडी कुठली हे ओळखायची वेळ येऊ दिली गेली नव्हती.

आपण चुकत असू, असं त्याला मनापासून वाटलं. गावात एकच माणूस त्याला नावानं हाक मारून बस म्हणायचा, आणि दार बसवलं त्या दिवशी पिंपावर तोच बसला होता. पिंपाची सावली वीतभर सरकेपर्यंत तो तिथेच बसून राहिला. दर टपालाला मास्तर पहिलं पत्र कुणाचं वाचतात ते त्याला ठाऊक होतं. त्यानं मापाच्या वहीतून एक कागद फाडला, घडी घातली, आणि तो टेकाडाकडे चालू लागला.

५

खोपटाचं दार उघडं होतं. विंटल मास्तर खाटेवर बसले होते. एवढ्या उकाड्यात त्यांच्या अंगात कोट होता, डोक्यावर टोपी आणि हातात काठी.

"ओबेड ना? पावलांवरून ओळखलं," ते म्हणाले. "बस."

ओबेड बसला नाही. कोठीच्या दाराशी एक पत्र पडलेलं सापडलं, त्यानं सांगितलं. थैली नेताना गळलं असावं. वर जॅगो पेनहेलचं नाव आहे. त्याला वाचून दाखवायला हवं, पण आधी तुम्ही एकदा नजर टाका.

मास्तरांचा हात क्षणभर हवेत राहिला. मग त्यांनी कागद घेतला, बोटांनी घडी उलगडली, उजेडाकडे धरला, घसा साफ केला आणि ते वाचू लागले.

"प्रिय जॅगो, इकडे सगळं ठीक आहे. मागच्या वादळात छपराची गळती वाढली होती, ती भावानं दुरुस्त केली. परसातलं सफरचंदाचं झाड फुललंय. तुझा जुना कोट मी अजून खुंटीवरच ठेवलाय, अधूनमधून बाह्या झटकते. संध्याकाळी दार लावताना उगाच एकदा वाटेकडे बघते. तू जेवतोस ना वेळेवर? तुझी टॅम्सिन."

ओबेडनं त्यांना शेवटपर्यंत वाचू दिलं. त्याचं शेवटचं माणूस जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून त्याच्यासमोर कुणी पत्र वाचलं नव्हतं. जेवतोस ना वेळेवर, हे शब्द त्यानं मनात पुन्हा एकदा म्हटले.

"मास्तर," तो म्हणाला, "कागद कोरा आहे."

काठी खाली पडली. मास्तरांनी ती उचलली नाही.

मग त्यांनी सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी जॅगो डोंगरतापानं फणफणला होता, जगेल असं कुणाला वाटत नव्हतं. त्याच आठवड्यात त्याच्या मेहुण्याचं पत्र आलं: टॅम्सिन गेली. मागे चार वर्षांची मुलगी. जॅगो खाटेवरून विचारत होता, काय लिहिलंय. मास्तरांनी लिहिलंय ते वाचलं नाही. बायको खुशाल आहे, तुझी वाट बघते, असं वाचलं. जॅगो उठून बसला, आठवड्यात बरा झाला. बरा झाल्यावर सांगू म्हणाले, मग पुढच्या टपालाला सांगू म्हणाले. मेहुण्याची पत्रं येत राहिली आणि मास्तर त्यातून टॅम्सिनला बोलायला लावत राहिले. जॅगो बायकोला लाडाचे शब्द सांगायचा. मास्तर मेहुण्याला विधुराचं दुःख लिहायचे. जॅगोनं बायकोसाठी शाल पाठवली, ती मास्तरांनी मुलीच्या नावानं धाडली.

डोळ्यांपुढे धुकं आलं ते या हिवाळ्यात. मजकूर मनानं बनवता येत होता म्हणून निभावलं. पण आता क्रोकरबाई वाचणार होत्या.

थैली खाटेखाली होती. "रात्रभर चाचपत बसलो," ते म्हणाले. "मेहुण्याच्या पाकिटावरची लाख जाड असते. पण सगळ्यांचीच जाड लागली. सगळी जाळायला घेतली आणि हात पुढे जाईना. शंभर माणसांची बायकापोरं होती त्यात."

"आणि आन्सेल्मो?" ओबेडनं विचारलं. "त्याला संध्याकाळी टांगणार आहेत."

"मी निघालोच होतो तिकडे. बघतोस ना, कोट घातलाय."

कोट घातला होता हे खरं. टेकाडावरून एक वाट ओककडे जात होती आणि एक गावाबाहेर. मास्तर यातल्या कुठल्या वाटेनं निघाले होते, हे ओबेडनं विचारलं नाही.

त्यानं थैली उचलली. मास्तरांनी त्याची बाही धरली. "ओबेड, तुला वाचता येतं. तू वाच त्याला. जसं मी वाचलं तसं. कुणाचं काय बिघडेल?"

खालून गर्दीचा आवाज आला. सूर्य डोंगराला टेकला होता.

६

ओबेड पोचला तेव्हा दोर फांदीवरून गेला होता. त्याच्या खांद्यावर थैली दिसली आणि सगळा कालवा एकदम थांबला.

"सोडा त्याला," ओबेड म्हणाला. "यानं नेली नव्हती."

"कुणी नेली?" जॅगोनं विचारलं. दोर त्याच्याच हातात होता.

ओबेडनं जवळचं एक पिंप ओढलं. तो पिंपावर थैली उघडून बसला आणि पाकिटं चाळू लागला. जॅगोचं पत्र मधोमध होतं. लाख खरंच इतरांइतकीच जाड होती.

"तुझं आधी वाचतो," तो म्हणाला. "बाजूला चल."

"इथेच वाच. लाज वाटावी असं माझी बायको काही लिहीत नाही."

ओबेडनं पत्र उघडलं. पहिल्या दोन ओळींवरून त्याची नजर गेली आणि छपराची गळती, सफरचंदाचं झाड, सगळं त्याच्या जिभेवर आलं. फार सोपं होतं ते. मग त्यानं श्वास घेतला आणि लिहिलं होतं तेच वाचलं.

"जॅगो, टॅम्सिनला मातीत ठेवून या फेब्रुवारीत दोन वर्षं झाली. दगडावर नाव कोरून घेतलंय. तुझी मुलगी लव्हडे सहा वर्षांची झाली. तू पाठवलेली शाल ती सोडत नाही, जमिनीवर लोळवत घरभर फिरते. बाबा उंच आहेत का, असं रोज विचारते. मी आणि माझी बायको पुढच्या वसंतात ऑस्ट्रेलियाला निघतोय. तिला बरोबर नेऊ की तू येतोस, ते कळव."

 जॅगो पत्राकडे बघत राहिला, जणू काळ्या रेघांमधून काही वर येईल.

"दोन वर्षं," तो म्हणाला.

"हो."

"तापात होतो तेव्हा."

"हो."

टेकाडाच्या वाटेवर मास्तर येताना दिसले, काठीनं जमीन चाचपत. एकदा वाट चुकले, परत वळले. गर्दीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग जॅगोकडे, आणि हळूहळू एकेकाला उमगलं. मागून कुणीतरी म्हणालं, दोर तयारच आहे.

जॅगोनं फांदीवरचा दोर ओढून काढला आणि कोपरावर गुंडाळू लागला. "दोर माझा आहे," तो म्हणाला. "दुसरा हवा असेल तर ज्यानं त्यानं आपला आणावा."

कुणी आपला दोर आणायला गेलं नाही.

मास्तर जवळ येऊन उभे राहिले. जॅगो त्यांच्याशी बोलला नाही. तो ओबेडशी बोलत होता, पण आवाज सगळ्यांना ऐकू जात होता. "टॅम्सिन शिव्या द्यायची. दारात बूट काढले नाहीत तर डोक्यात भांडं घालायची. पत्रांत इतकं गोड बोलायला लागली, तर मला वाटलं, दुराव्यानं गोड झाली." त्यानं दोराचं शेवटचं टोक आत खोचलं. "मला तेव्हाच कळायला हवं होतं."

तो निघून गेला. आन्सेल्मोचे हात ओबेडनं सोडले. दिवसभर बांधून ठेवल्याबद्दल त्याची माफी कुणी मागितली नाही. क्रोकरबाईंनी पाव आणि पाणी आणून दिलं, ते त्यानं उभ्यानंच संपवलं. मग ओबेड पिंपावर बसून एकेक पाकीट पुकारत गेला. गॅमनचं पाकीट त्यानं न पुकारता त्याच्या हाती दिलं, पण बाई मागेच उभ्या होत्या आणि त्यांची नजर चांगली होती. अंधार पडायच्या आत थैली रिकामी झाली. ओबेडनं तळापर्यंत हात घालून पाहिलं, टपालवाले पाहतात तसं. काही उरलं नव्हतं.

७

शेरीफनं निकाल दिला तो त्याच रात्री. आन्सेल्मोच्या खेचरांबरोबर मास्तरांनी गाव सोडायचं. समुद्राकाठच्या शहरात डोळ्यांचे वैद्य होते, म्हाताऱ्यांना ठेवून घेणारी एक संस्थाही होती. गावाला निकाल पटला. कुणी मास्तरांच्या खोपटाकडे फिरकलं मात्र नाही.

आन्सेल्मोला विचारायला ओबेड स्वतः गेला. तुला मरायला सोडणारा माणूस तुझ्याच खेचरावर बसवतोय, हे त्याला सांगताना ओबेडची जीभ अडखळली.

"ते जे खोटं बोलतं ना," आन्सेल्मो म्हणाला, "त्याच्यावर बसवा. दोघांचं जमेल."

जॅगो सोमवारी पहाटेच निघून गेला होता, पायी, पाठीवर वळकटी टाकून. खेचरांबरोबर जा, पाच दिवसांची वाट आहे, असं ओबेडनं त्याला म्हटलं होतं. मास्तर त्यांच्याबरोबर आहेत हे कळल्यावर त्यानं नुसती नकाराची मान हलवली आणि तो पुढे झाला. मुलीला पत्र पाठवू का, असंही ओबेडनं विचारलं होतं. नको, मीच जातो, जॅगो म्हणाला. मास्तरांबद्दल चांगला किंवा वाईट, एकही शब्द तो बोलला नव्हता.

उजाडल्यावर ओबेडनं मास्तरांना उचलून खेचरावर बसवलं. फार हलके लागले. रिकिबीत पाय अडकवून देताना त्याच्या लक्षात आलं की चार वर्षांत आपण या माणसाला कधी हात लावला नव्हता.

"ओबेड," मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे त्याच्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघत होते. "जॅगो जाताना काही म्हणाला का? माझ्याबद्दल?"

ओबेडनं रिकिबीचा पट्टा आवळला, सैल केला, परत आवळला.

"म्हणाला," तो म्हणाला. "मास्तरांना म्हणावं, वाईट वाटून घेऊ नका. मी समजू शकतो, म्हणाला."

मास्तरांनी टोपी जरा मागे सारली. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, खरंखुरं.

"वाक्य बरं आहे," ते म्हणाले. "पण जॅगोचं नाही. 'मी समजू शकतो' असं तो जन्मात म्हणणार नाही. दोन वर्षं हेच काम केलंय मी, ओबेड. कच्चं बनवलंस."

"मला सवय नाही," ओबेड म्हणाला.

"नको लावून घेऊस." त्यांनी चाचपून त्याचा हात शोधला आणि एकदा दाबला. "तरी बरं वाटलं ऐकून. पुन्हा एकदा म्हण."

ओबेडनं पुन्हा एकदा म्हटलं. मग आन्सेल्मोनं शीळ घातली आणि खेचरं चालू लागली.